चुकीच्या उत्तरांची कारागिरी

दक्षिण अमेरिकेतील इंका लोक ‘किपू’चा वापर कशासाठी करत?

(अ) शिकारीसाठी
(आ) स्वयंपाकासाठी
(इ) दोऱ्यांना निरनिराळ्या प्रकारच्या गाठी मारून हिशेब आणि इतर नोंदी ठेवण्यासाठी
(ई) नृत्यासाठी

‘किपू’ हा शब्द आजच पहिल्यांदा ऐकणारा माणूसही बेधडक (इ) सांगतो आणि त्याचे उत्तर बरोबर येते. किपू म्हणजे गाठी मारलेल्या दोऱ्यांचा झुपका. गाठीचा प्रकार आणि तिची दोरीवरची जागा यांवरून इंकांचे हिशेबनीस आकडे वाचत. उत्तर देणाऱ्याला यातले काहीच माहीत नव्हते. त्याने इतकेच पाहिले, की तीन पर्याय एकेका शब्दाचे आहेत आणि एकच सविस्तर आहे. प्रश्न काढणाऱ्याने बरोबर उत्तर जपून लिहिले, बाकीचे तीन नुसते जागा भरायला टाकले.

शालेय शिष्यवृत्ती परीक्षेपासून एमएचटी-सीईटी, नीट आणि एमपीएससीपर्यंत महाराष्ट्रातल्या एका मुलाच्या वाट्याला असे हजारो प्रश्न येतात. ‘येत नसेल तर सगळ्यांत लांब पर्याय निवड’ हा कानमंत्र वर्गावर्गांत फिरत असतो. तो ज्या प्रश्नाला लागू पडतो, त्या प्रश्नाने मुलाचे ज्ञान मोजलेलेच नसते. मग ज्ञान मोजणारा प्रश्न कसा घडतो? त्याचे बरेचसे रहस्य चुकीच्या पर्यायांत आहे.

यंत्राला वाचता येईल असे उत्तर

बहुपर्यायी प्रश्नाच्या जन्माचे श्रेय सहसा अमेरिकेतील कॅन्सस राज्याचे शिक्षणतज्ज्ञ फ्रेडरिक केली यांना दिले जाते. एकाच उत्तरपत्रिकेला वेगवेगळे शिक्षक फार वेगवेगळे गुण देतात, हे त्यांनी अभ्यासातून दाखवले होते. १९१५ च्या सुमारास त्यांनी मूकवाचनाची एक चाचणी तयार केली. तिच्यात प्रत्येक प्रश्नाला एकच ठरलेले उत्तर होते. तपासणारा कोणीही असो, गुण तेच. दोनच वर्षांत अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि सैन्यात भरती झालेल्या सुमारे १७ लाख लोकांची बुद्धिचाचणी अशाच झटपट तपासता येणाऱ्या पद्धतीने झाली.

पुढची पायरी एका शाळाशिक्षकाने गाठली. मिशिगनमधील रेनॉल्ड जॉन्सन यांच्या लक्षात आले, की शिसपेन्सिलीतील ग्रॅफाइटमधून वीज वाहते. मग खूण कुठे आहे हे यंत्राला विजेच्या प्रवाहावरून ओळखता येईल. या कल्पनेवर बेतलेले उत्तरे तपासणारे यंत्र आयबीएम कंपनीने १९३८ मध्ये बाजारात आणले. आजची ओएमआर पत्रिका प्रकाशाने वाचली जाते, त्यामुळे पेन्सिलीची जागा बॉलपेनने घेतली. नीटला बसणाऱ्या २० लाखांहून अधिक मुलांचे निकाल काही आठवड्यांत लागतात ते या यंत्रवाचनामुळे.

तपासणी अशी सोपी झाली, पण सगळी मेहनत उलट्या टोकाला सरकली. निबंधाचा प्रश्न एका ओळीत काढता येतो, त्याचा घाम निघतो तपासताना. बहुपर्यायी प्रश्नाचा घाम आधीच गाळावा लागतो.

चकवा लागतो कसा

अशा प्रश्नाचे तीन भाग असतात. वर मुख्य प्रश्न, खाली एक बरोबर उत्तर आणि त्याच्या सोबतीला दोन-तीन चुकीची उत्तरे. या चुकीच्या उत्तरांना इथे ‘चकवे’ म्हणू. रात्री रानातून जाणाऱ्याला चकवा लागतो, असे कोकणात जुनी माणसे सांगतात. वाटसरू घराकडेच निघालो आहोत अशा खात्रीने चालत राहतो आणि फिरून फिरून त्याच जागी येतो. चांगला चुकीचा पर्याय नेमका असाच काम करतो. तो मुलाला पाय आडवा घालून पाडत नाही. मुलाची स्वतःची चुकीची समजूत त्याला जिथे घेऊन जाते, तिथे तो पर्याय आधीच उभा असतो.

अपूर्णांकांची बेरीज घ्या. १/२ + १/३ किती? बरोबर उत्तर ५/६. यासोबत ७/९, ४/११ आणि १०/३ असे कुठलेही आकडे ठेवले तर ते कोणी निवडणार नाही आणि निवडलेच तर त्यातून काही कळणार नाही. पण २/५ ठेवला, तर अंशात अंश आणि छेदात छेद मिळवणारी मुले तिथे जाऊन थांबतील. १/६ ठेवला, तर बेरजेच्या जागी गुणाकार करणारी मुले सापडतील. आता उत्तरपत्रिका नुसते गुण सांगत नाही. कोणाचे कुठे अडले, तेही सांगते.

दशांश अपूर्णांकांत ही कारागिरी आणखी बारीक होते. ‘०.५, ०.३५ आणि ०.१२५ यांपैकी सर्वांत मोठी संख्या कोणती?’ हा प्रश्न वरवर चांगला दिसतो. १२५ हे ५ पेक्षा मोठे असे मानणारी मुले ०.१२५ निवडतात आणि पकडली जातात. पण उलटी समजूत असलेलीही मुले असतात. दशांशचिन्हानंतर जितके अंक जास्त तितकी संख्या लहान, असे त्यांना वाटते. ती मुले ०.५ निवडतात आणि त्यांना पूर्ण गुण मिळतात! त्यांची चूक शिक्षकाला कधीच दिसत नाही.

उपाय फक्त आकडे बदलण्याचा आहे. ०.४, ०.६३ आणि ०.१२५ अशा संख्या दिल्या, की ‘अंक जास्त म्हणजे मोठी’ म्हणणारा ०.१२५ कडे जातो, ‘अंक कमी म्हणजे मोठी’ म्हणणारा ०.४ कडे आणि स्थानिक किंमत समजलेला ०.६३ कडे. तीन समजुती, तीन वाटा.

हार्वर्डच्या वर्गातला धक्का

चकवे टेबलाशी बसून कल्पनेने रचण्यापेक्षा मुलांकडून गोळा करावेत, याचा सर्वांत गाजलेला दाखला भौतिकशास्त्रात आहे. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात डेव्हिड हेस्टेनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बल आणि गती या विषयांवर विद्यार्थ्यांना मोकळे प्रश्न विचारले, त्यांच्या मुलाखती घेतल्या आणि त्यांच्या तोंडून आलेल्या चुकांचेच पर्याय बनवले. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत एकही आकडेमोड नाही. भरधाव ट्रक आणि लहान मोटार यांची टक्कर झाली तर कोण कोणावर जास्त बल लावतो, अशा धर्तीचे प्रश्न आहेत. दोघेही एकमेकांवर सारखेच बल लावतात, हा न्यूटनचा तिसरा नियम मुलांना तोंडपाठ असतो. तरी असंख्य विद्यार्थी ट्रककडे बोट दाखवतात, कारण मोटारीचा झालेला चुराडा त्यांच्या डोळ्यांपुढे असतो.

हार्वर्ड विद्यापीठातील एरिक मेझुर यांनी हेस्टेनिस यांच्या पद्धतीचे प्रश्न आपल्या वर्गाला घातले, तेव्हा अवघड गणिते सोडवणारी मुलेही या साध्या प्रश्नांवर अडखळली. मेझुर यांनी मग शिकवण्याची रीतच बदलली. एक बहुपर्यायी प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने आधी एकट्याने उत्तर द्यायचे, मग शेजाऱ्याला ते पटवून द्यायचे आणि पुन्हा उत्तर नोंदवायचे. १९९७ मध्ये त्यांनी या पद्धतीवर पुस्तक लिहिले. शेजाऱ्याशी वाद व्हायचा तर चुकीचा पर्यायही कोणाला तरी मनापासून पटलेला हवा. हास्यास्पद पर्यायावर वाद होत नाही.

मराठी व्याकरण चुगली करते

चकवे चांगले असूनही प्रश्न फुटू शकतो. त्याचे एक कारण मराठीच्या रचनेतच आहे. हा प्रश्न पाहा:

दुधाचे दही बनते, कारण दुधात वाढणारा ______ आम्ल तयार करतो.
(अ) बुरशी (आ) जीवाणू (इ) शेवाळ (ई) अळंबी

‘वाढणारा’ आणि ‘करतो’ हे पुल्लिंगी. बुरशी ती, शेवाळ ते, अळंबी ती. उरला एकटा जीवाणू. विज्ञानाचे पुस्तक न उघडताही मराठी कानाला उत्तर ऐकू येते. इंग्रजीत लिंगाप्रमाणे क्रियापद बदलत नाही, म्हणून इंग्रजी प्रश्नाचे मराठी भाषांतर करताना मूळ प्रश्नात नसलेली अशी खूण नकळत शिरू शकते. नीटसारख्या परीक्षा मराठीतही देता येतात, तेव्हा भाषांतरित प्रश्नाला हा कस लावायलाच हवा. गाळलेली जागा टाळून ‘दुधाचे दही कशामुळे बनते?’ असे सरळ विचारले, की व्याकरण गप्प बसते.

आणखी काही खुणा सराईत परीक्षार्थींना पाठ असतात. ‘नेहमी’, ‘कधीच नाही’, ‘फक्त’ असे टोकाचे शब्द असलेला पर्याय बहुधा चुकीचा निघतो. ‘वरीलपैकी सर्व’ असेल तर तीनपैकी दोन विधाने बरोबर असल्याचे ठाऊक असणे पुरते. तिसरे माहीत नसले तरी गुण मिळतो. जोड्यांच्या पर्यायांत तर उत्तर मोजून काढता येते:

(अ) कृष्णा – महाबळेश्वर
(आ) कृष्णा – त्र्यंबकेश्वर
(इ) गोदावरी – महाबळेश्वर
(ई) भीमा – महाबळेश्वर

नदी आणि तिचा उगम यांची योग्य जोडी कोणती? महाबळेश्वर तीनदा आले, कृष्णा दोनदा. प्रश्न काढणाऱ्याने खरी जोडी आधी लिहिली आणि तिचेच तुकडे बदलून बाकीच्या बनवल्या. म्हणून जे सर्वांत जास्त वेळा आले, तेच उत्तर.

जागेचाही मोह असतो. यिगल अत्ताली आणि माया बार-हिलेल या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवून दिले, की प्रश्न काढणारे बरोबर उत्तर मधल्या पर्यायांत दडवतात आणि अंदाज करणारेही मधलेच पर्याय निवडतात. आकड्यांचे पर्याय चढत्या क्रमाने आणि शब्दांचे अकारविल्हे लावले, तर उत्तराची जागा ठरवण्याचे काम माणसाच्या हातातून सुटते.

एक प्रश्न घडताना

आता एक प्रश्न आरंभापासून घडवून पाहण्यासारखा आहे. विषय उत्कलनांकाचा, म्हणजे द्रव ज्या तापमानाला उकळतो त्याचा. ‘पाणी किती अंशांना उकळते?’ असे विचारले तर फक्त पाठांतर तपासले जाईल. समज तपासायची तर मुलाला नव्या प्रसंगात न्यायला हवे.

पहिला खर्डा असा: ‘महाबळेश्वरला उघड्या पातेल्यात डाळ शिजायला मुंबईपेक्षा जास्त वेळ का लागतो?’ पर्याय: तिथे थंडी असते; तिथले पाणी जड असते; तिथे हवेचा दाब कमी असल्याने पाणी कमी तापमानाला उकळते; तिथली डाळ वेगळी असते.

अपेक्षित उत्तर तिसरे. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून १,३०० मीटरहून उंच आहे आणि तिथे पाणी साधारण ९५ अंशांनाच उकळते. पण वर्गातली एखादी चौकस मुलगी लगेच हात वर करील. जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्यात डाळ खरोखरच उशिरा शिजते, हे तिने आजीकडून ऐकलेले असते. थंडीत पातेले लवकर निवते, हेही खोटे नाही. तिचे म्हणणे बरोबर आहे आणि प्रश्न चुकलेला आहे. दुरुस्ती मुख्य प्रश्नात करावी लागेल:

‘मुंबईहून नेलेले पाणी, डाळ आणि पातेले वापरून महाबळेश्वरला झाकण न ठेवता डाळ शिजवली. पाणी सतत खळखळत होते, तरी डाळ शिजायला मुंबईपेक्षा जास्त वेळ लागला. याचे कारण काय?’

(अ) तिथे पाणी मुंबईपेक्षा कमी तापमानाला उकळते
(आ) तिथे पाणी मुंबईपेक्षा जास्त तापमानाला उकळते
(इ) तिथे तापमान तेच राहते, पण वाफ लवकर उडते

पाणी आणि डाळ तीच असल्याने जड पाण्याची वाट बंद झाली. खळखळणाऱ्या पाण्याचे तापमान उत्कलनांकावरच असते, म्हणून थंडीचीही बंद झाली. पर्याय सारख्या लांबीचे झाले. (इ) हा पर्याय ‘पाणी म्हणजे १०० अंश’ एवढेच पाठ केलेल्या मुलाला ओढून घेतो. (आ) हा दाब आणि उत्कलनांक यांचे नाते उलटे समजलेल्या मुलाला. ‘वेगळी डाळ’ हा चौथा पर्याय कोणी निवडला नसता, म्हणून तो गेला.

अशी फट बुजवली नाही तर काय होते, ते २०२४ च्या नीटमध्ये देशाने पाहिले. भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नात ‘प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात’ असा आशय असलेले विधान होते. किरणोत्सारी मूलद्रव्यांचे अणू स्थिर नसतात, म्हणून विधान चूक. पण पाठ्यपुस्तकाच्या जुन्या आवृत्तीच्या आधारे दुसरे उत्तर देणाऱ्यांनाही गुण दिले गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांनी एकच उत्तर बरोबर ठरवले आणि जुलैमध्ये निकाल सुधारावा लागला. चार लाखांहून अधिक मुलांचे प्रत्येकी पाच गुण कमी झाले: मिळालेले चार गेले आणि चुकीबद्दलचा एक वजा झाला.

अंदाजाचे गणित

चौथा पर्याय काढून टाकला तर अंदाजाने उत्तर बरोबर येण्याची शक्यता वाढत नाही का? वाढते, चारात एकवरून तिनात एकवर. तरीही मायकेल रॉड्रिगेझ यांनी ८० वर्षांतील संशोधन एकत्र करून २००५ मध्ये निष्कर्ष काढला, की बहुतेक ठिकाणी तीन पर्याय पुरतात. चौथा चकवा बहुधा ओढूनताणून आणलेला असतो आणि त्याला फारसे कोणी निवडत नाही. तीन पर्याय वाचायला वेळ कमी लागतो, त्यामुळे तेवढ्याच वेळात प्रश्न जास्त विचारता येतात.

आणि अंदाजावरचा खरा उतारा प्रश्नांची संख्या हाच आहे. चार पर्यायांच्या २० प्रश्नांत डोळे मिटून खुणा करणाऱ्याला ३५ टक्के, म्हणजे सात किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता सुमारे २१ टक्के असते. १०० प्रश्नांत ३५ किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता दोन टक्क्यांच्याही खाली जाते.

चुकीला गुण वजा करण्याची रीत याच अंदाजासाठी आहे, पण तिचा हिशेब सगळीकडे सारखा नाही. यूपीएससीच्या पूर्व परीक्षेत एक तृतीयांश गुण वजा होतात. चार आंधळ्या अंदाजांत सरासरी एक बरोबर, तीन चूक. मिळाला एक, गेला एक, हाती शून्य. नीटमध्ये बरोबरला चार, चुकीला वजा एक. चार अंदाजांत मिळाले चार, गेले तीन, म्हणजे सरासरी एक गुण उरतोच. एमएचटी-सीईटीत गुण वजा होतच नाहीत, म्हणून तिथे प्रश्न कोरा सोडण्यात तोटाच आहे.

निकालानंतर प्रश्नाची परीक्षा

धान्य निवडून झाल्यावर चाळणीला भोक पडले आहे का तेही पाहायचे असते. त्याची रीत कोणत्याही शिक्षकाला वही-पेन्सिलीने करता येते.

समजा, वर्गात ६० मुले आहेत. एकूण गुणांनुसार उत्तरपत्रिका लावायच्या आणि वरच्या २७ टक्के व खालच्या २७ टक्के, म्हणजे १६-१६ वेगळ्या काढायच्या. एक प्रश्न वरच्या १६ पैकी १३ जणांना आणि खालच्या १६ पैकी पाच जणांना आला. फरक आठ, भागिले १६, म्हणजे ०.५. याला भेददर्शक अंक म्हणता येईल, कारण विषय समजलेले आणि न समजलेले यांतला भेद प्रश्नाने किती ओळखला हे तो सांगतो. साधारणपणे ०.४ च्या वरचा प्रश्न उत्तम आणि ०.२ च्या खालचा दुरुस्तीला आलेला मानतात.

कधीकधी हा अंक उणे येतो. वरच्या गटात चौघांना आणि खालच्या गटात नऊ जणांना प्रश्न आला, तर हुशार मुलांना त्यात काहीतरी वेगळे दिसले आहे. बहुधा उत्तरसूचीत चुकीचे अक्षर पडलेले असते किंवा दुसरा एखादा पर्यायही बरोबर असतो.

चौकट : प्रश्न छापायला देण्यापूर्वी

- पर्याय हाताने झाकून प्रश्न वाचावा. उत्तर मनात येत नसेल तर मुख्य प्रश्न अपुरा आहे.
- एका प्रश्नात एकच गोष्ट तपासावी.
- प्रत्येक चकवा कोणत्या चुकीच्या समजुतीतून आला, ते त्याच्यासमोर एका ओळीत लिहावे. लिहिता येत नसेल तर तो काढावा.
- पर्यायांची लांबी, लिंग, वचन आणि विभक्ती जुळवावी.
- ‘वरीलपैकी सर्व’ टाळावे. ‘चुकीचे विधान कोणते?’ असे विचारायचेच असेल तर ‘चुकीचे’ हा शब्द ठळक छापावा. ‘चुकीचे नाही’ अशी दुहेरी नकारार्थी रचना करू नये.
- विषय न शिकलेल्या एखाद्याला प्रश्न सोडवायला द्यावा. त्याला उत्तर आले तर कुठल्या खुणेवरून, ते विचारावे.
- दुसऱ्या शिक्षकाकडून उत्तरसूची न दाखवता पेपर सोडवून घ्यावा.

दुसऱ्या दिवशीचा तास

घटक चाचणीत ०.४, ०.६३ आणि ०.१२५ हा प्रश्न विचारला आणि, समजा, ६० पैकी ३१ मुलांनी ०.६३, २० जणांनी ०.१२५ आणि नऊ जणांनी ०.४ निवडले. निम्मा वर्ग पास, निम्मा नापास एवढीच नोंद झाली तर शिक्षिका दशांशाचा धडा सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून शिकवील. पण तिच्यापुढे आता तीन याद्या आहेत. वीस मुलांना १२५ हा आकडा मोठा दिसतो आहे. नऊ जणांना लांबलेली संख्या लहान वाटते आहे. दोन्ही गट एकाच बाकावर आणले तर ते एकमेकांना खोडतील, कारण त्यांची उत्तरे परस्परविरुद्ध आहेत.

वाद रंगू द्यावा आणि मग फळ्यावर शिंप्याची मीटरची टेप लावावी. ०.४ मीटर म्हणजे ४० सेंटीमीटर, ०.६३ मीटर म्हणजे ६३ आणि ०.१२५ मीटर म्हणजे साडेबारा. तिन्ही ठिकाणी खडूने खूण करायला त्या २९ जणांतलीच तीन मुले पुढे बोलवावीत.